मोटारहोमच्या मागे जीप

अमेरिकेत ऑनसाइटला जाऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे दृश्य पाहिलेलं असतं. हायवेवर एस.टी.एवढं मोटारहोम चाललेलं असतं, आत सत्तरीच्या घरातलं एक जोडपं, आणि मागे एक जीप. ट्रेलरवर चढवलेली नव्हे, चारही चाकं रस्त्यावर टेकवून ओढली जाणारी. आत ड्रायव्हर नाही. पुढच्या बाजूला दोन दांड्यांचा त्रिकोण जोडलेला, आणि मागचे दिवे मोटारहोमच्या दिव्यांबरोबर लागतायत-विझतायत. शंभरच्या स्पीडने सगळं लटांबर निवांत चाललेलं असतं.

याला तिकडे फ्लॅट टोइंग म्हणतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीला लाडाने 'डिंगी' म्हणतात, म्हणजे मोठ्या जहाजामागे बांधलेली छोटी होडी. उपमा अगदी चपखल आहे. जहाज बंदराला लागलं की गावात जायला होडी. मोटारहोम कॅम्पग्राउंडवर लागलं, पाणी-वीज-ड्रेनेजची जोडणी झाली, की दूध आणायला जीप!

मला पडायचा तो प्रश्न वेगळाच होता. जीपच का? तिकडे गाड्यांना काय तोटा आहे? जीप पेट्रोल पिते, आवाज करते, लांबच्या प्रवासात पाठ मोडते. तरीही मोटारहोमच्या मागे वारंवार तीच दिसते. उत्तर शोधत मागे गेलो तर थेट १९४० सालापर्यंत जाऊन पोचलो. आज त्याचीच गोष्ट.

आधी थोडं गिअरबॉक्सबद्दल. न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाकं सुटी, असं आपण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकतो. ते अर्धंच खरं आहे. सुटतं ते फक्त इंजिन. चाकं, अ‍ॅक्सल, प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट ही साखळी जोडलेलीच राहते. म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी गाडी न्यूट्रलमध्ये ओढली तरी गिअरबॉक्सचा तेवढा भाग गरगर फिरत असतो. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि शाफ्ट मात्र तेलाविना फिरतोय. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही तेल उडवणारी गिअरची चाकं अशा वेळी स्थिर असतात. मेकॅनिकपर्यंत ओढत नेणं वेगळं आणि हजार मैल ओढणं वेगळं. हजार मैलांत गिअरबॉक्सची वाट लागते.

तेव्हा गिअरबॉक्सच्या पलीकडे, चाकांच्या अलीकडे, खरोखर तोडता येईल असा एक सांधा हवा. जीपमध्ये तो पहिल्यापासून आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं आणि अमेरिकन लष्कराला एकदम घाई झाली. हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी म्हणून १३५ कंपन्यांना विचारणा गेली. पुढे आल्या फक्त दोन, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम कंपनी त्या वेळी जवळजवळ बुडालेली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा केला आणि ४९ दिवसांची मुदत पाळून २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी बॉल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत पोचली. (आपल्या डेडलाइन्स आठवा आणि गप्प बसा!) पुढे मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डला मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या.

या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी होती, स्पायसर कंपनीची ट्रान्सफर केस. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटून देणं हे तिचं काम. तिला दोन लिव्हर होते. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा हाय आणि लो रेंज बदलायला. आता हाय आणि लो यांच्यामध्ये, दोन्हींत नसलेली अशी एक जागा येते. तिथे लिव्हर ठेवला की गिअरबॉक्स एकीकडे आणि दोन्ही अ‍ॅक्सल दुसरीकडे. मधला संबंध संपला.

या जागेचा मोठा उपयोग झाला शेतकऱ्यांना. १९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप काढली तेव्हा तिची जाहिरात शेतावरचं सगळं काम करणारी गाडी अशीच होती. ट्रान्सफर केसच्या मागून शक्ती बाहेर काढणारा पीटीओ बसवता यायचा. लिव्हर न्यूट्रलला टाका, गाडी बांधावर उभी करा, आणि इंजिनवर करवत चालवा नाहीतर मळणी यंत्र. थोडक्यात, इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलीयत.

मोटारहोमवाल्यांनी पुढे काय केलं, तर बरोबर उलटं. इंजिन थांबलंय आणि चाकं फिरतायत! सांधा तोच. ज्यांनी बनवला त्यांच्या डोक्यात मोटारहोम असायचं कारणच नव्हतं, कारण तेव्हा तो धंदाच नव्हता. आपल्या धंद्यात दोन मॉड्यूल एकमेकांपासून स्वच्छ सुटी ठेवा म्हणून सीनियर लोक कानीकपाळी ओरडत असतात. त्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

१९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिअ‍ॅटलजवळ जीपच्या पुढच्या चाकांसाठी लॉकिंग हब बनवायला घेतले. हब सोडला की पुढची चाकं मोकळी फिरतात, आतला अ‍ॅक्सल शांत. युद्धातून उरलेल्या जीप साध्या रस्त्यावर वापरणाऱ्यांसाठी हा शोध होता, पण ओढल्या जाणाऱ्या जीपलाही तो फायद्याचाच.

मग रस्ते आले. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट हायवेंना मंजुरी मिळाली. मिशिगनमधल्या ब्राउन सिटीत रे फ्रँक यांनी १९५८ च्या सुमारास आपल्या कुटुंबासाठी चाकांवरचं घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत डॉजच्या चेसिसवर तशी घरं विकायला सुरुवात केली. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबेगो कंपनीने पहिलं मोटारहोम काढलं आणि असेंब्ली लाइनवर बनवून किंमत खूप खाली आणली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, युटातल्या मोअब गावात ईस्टर जीप सफारी सुरू झाली. लाल खडकांच्या चढणींवर जीप चढवायची ही जत्रा अजूनही भरते.

ऑफ-रोडवाल्यांना फ्लॅट टोइंग का हवं, हे मोअबकडे पाहिलं की कळतं. खडकावर चढणारे मोठे टायर हायवेवर गुरगुरतात, दिवसभरात माणूस बहिरा होतो. मोटारहोममध्ये आरामात जा, तिथे जीप सोडा, खडकावर मनसोक्त आपटा. तिचं काही तुटलंच तर घरी परत जायला मोटारहोम आहेच.

पण हीच ऑफ-रोडची हौस जोडणीत आडवी येते. जोडणी अशी असते: जीपच्या चेसिसला एक मजबूत बेसप्लेट, त्यात टो-बारच्या दोन दांड्या, जोडीला सेफ्टी केबल. दिव्यांच्या वायरिंगमध्ये डायोड घालतात, म्हणजे मोटारहोमचा करंट जीपच्या बाकी सर्किटमध्ये घुसत नाही. स्टिअरिंग लॉक होता कामा नये. ते कुणी धरायचं नसतंच, ते आपोआप वळतं. सुपरमार्केटच्या ट्रॉलीची पुढची चाकं जशी ओढू तिकडे वळतात, तशी जीपचीही वळतात, कारण स्टिअरिंगचा आस किंचित मागे कललेला असतो. याला कॅस्टर म्हणतात. आणि म्हणूनच हे लटांबर रिव्हर्स घेता येत नाही. मागे ढकललं की तीच चाकं भलतीकडे वळून अडकतात. चुकीच्या गल्लीत शिरलात तर खाली उतरून जीप सोडवण्याला पर्याय नाही.

आता जीपला लिफ्ट किट बसवून ती चार-सहा इंच उंच केली की दोन गोष्टी होतात. एक, टो-बार तिरका होतो. तो जवळपास आडवा हवा, दोन टोकांत साधारण तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक नको. नाहीतर जोरात ब्रेक लागला की जीप मोटारहोमवर चढू पाहते. त्यासाठी मोटारहोमच्या हिचला उंची वाढवणारा जोड लावतात. दुसरी गोष्ट जास्त छुपी. उंचीमुळे पुढचा अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग पुढची चाकं थडथड करायला लागतात, आणि स्टिअरिंग धरायला आत कुणी नसतं.

ब्रेकचंही तसंच. दीड-दोन टनांची जीप मागून ढकलत असताना एकट्या मोटारहोमच्या ब्रेकवर घाट उतरणं हा जुगार आहे. म्हणून जीपचं पेडल दाबणारं वेगळं यंत्र बसवतात. जीपचं इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि पेडल दगडासारखं होतं, तोही हिशेब धरावा लागतो.

आणि शेवटी क्रम. रँग्लरमध्ये ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायची, मग इंजिन चालू करून गिअर टाकून बघायचा. गाडी जागची हलली नाही तरच खरं न्यूट्रल. चक्क युनिट टेस्ट! त्यानंतर ऑटोमॅटिक असेल तर पार्कला आणि मॅन्युअल असेल तर गिअरमध्येच ठेवायची. ऐकायला उफराटं वाटतं, पण सांधा आधीच तुटलाय, गिअरबॉक्स स्थिर राहणंच बरं.

हा क्रम चुकला तर काय होतं याचा मी कागदावर हिशेब केला. २००७ नंतरची मॅन्युअल रँग्लर रुबिकॉन घ्या. लो रेंज आणि पहिला गिअर मिळून चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे ७३ फेरे. ताशी १०० किलोमीटरला ३२ इंची टायर मिनिटाला साधारण ६५० फेरे घेतो. म्हणजे न्यूट्रलऐवजी लिव्हर लोमध्ये राहिला तर इंजिनने मिनिटाला ४७,००० फेरे घ्यायला हवेत. ते सात हजारांच्याही पुढे जाणारं नाही. चाकं घासत तरी जातील नाहीतर क्लच-इंजिनचे तुकडे होतील. इंजिन बंद असताना फुटू शकतं, हे मला तरी नवीन होतं.

ही सोय फक्त जीपची नाही. सुझुकी सामुराई तिकडे डिंगी म्हणून फार लोकप्रिय होती, आणि आपली मारुती जिप्सी म्हणजे तिचीच बहीण. विलीज जीप तर चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतच महिंद्राने जोडायला घेतली होती. २०२० च्या फोर-व्हील ड्राइव्ह थारच्या लिव्हरवर ४एच आणि ४एलच्या मध्ये एक 'एन' आहे, तो बघून ठेवा. बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण ही तीच १९४० सालची मधली जागा.

अलीकडे मात्र ती जागा आक्रसत चाललीय. होंडा सीआर-व्ही वर्षानुवर्षं ओढता यायची, २०१५ च्या मॉडेलला सीव्हीटी आला आणि कंपनीने मनाई केली. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर चाकांना कायमची जोडलेली, त्यामुळे तिथेही मनाईच. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या जागी बटण आलं. २०१३ मध्ये ग्रँड चेरोकी आणि कमांडर या जीपच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण इलेक्ट्रॉनिक्समधल्या दोषामुळे ट्रान्सफर केस आपोआप न्यूट्रलमध्ये जाऊन उभी गाडी घरंगळू शकत होती. कोड लिहून पोट भरणारा मी बटणाच्या विरोधात कसा असेन? पण लिव्हर डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो. बटणामागचा सांधा खरंच तुटलाय की नाही, हे आपल्याला एक दिवा सांगतो, आणि तो दिवाही कुणीतरी लिहिलेल्या कोडवरच लागतो. म्हणून इंजिन चालू करून गिअर टाकून बघायची ती जुनी टेस्ट बटणवाल्यांनी तर मुळीच सोडू नये.

असो. पुढच्या वेळी अमेरिकेत असं लटांबर दिसलं तर जीपच्या रिकाम्या सीटकडे बघा आणि बटलर गावच्या त्या ४९ दिवसांची आठवण काढा. थार असेल कुणाची तर त्या 'एन'वर टाकून एकदा क्लच सोडून बघा. गाडी सपाट जागी उभी असू द्या आणि हँडब्रेक ओढायला विसरू नका.