बारगीर आणि शिलेदार

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरची महाराष्ट्राला आज जी ओळख आहे, ती मुख्यतः दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे आणि हरेगावच्या साखर कारखान्यामुळे. परंतु १८७८ साली हा लोहमार्ग सुरू झाला त्यापूर्वी, आणि १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन पाटाच्या पाण्याने या परिसराचे माळ उसाखाली आले त्याच्याही पूर्वी, या मुलुखातील दळणवळणाचा भार बैलांच्या खांद्यावर आणि तट्टांच्या पाठीवर होता. हे तट्टू भीमथडीचे. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत निपजलेले, अंगाने लहान, खुरांनी कठीण, मूठभर दाण्यावर आणि माळावरच्या गवतावर दिवसभर चालणारे हे जनावर मराठ्यांच्या दौडीचे खरे भांडवल होते. राजदरबारच्या चित्रांत मात्र त्याच्या जागी अरबी घोडे रंगविले गेले.

हे तट्टू आजवर टिकविले ते धनगरांनी. पावसाळा सरला की मेंढरांमागे निघालेल्या वाड्यात तट्टाच्या पाठीवर अवघे बिऱ्हाड लादलेले असते, आणि त्या बिऱ्हाडावर, भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या सोबतीने, चालण्याइतके मोठे न झालेले मूल बसविलेले असते. खोगीर नाही, रिकीब नाही. घोंगडीवर बसून जनावराच्या प्रत्येक पावलाबरोबर स्वतःचा तोल सावरणे, एवढेच त्याचे पहिले शिक्षण. अश्वारोहणाच्या शास्त्रात ज्याला सर्वाधिक महत्त्व आहे ती मांड या मुलांना अक्षरओळखीपूर्वीच येते, हे आपल्या क्रीडाधुरीणांच्या ध्यानी अद्याप आलेले नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

अशाच एका मुलाचा मार्ग इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. नीरेकाठच्या होळ गावी १६९३ साली जन्मलेले मल्हारराव होळकर बालपणीच पितृहीन झाले, तेव्हा आई त्यांना खानदेशात तळोद्यास आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे, घेऊन गेली. प्रथम मामाची मेंढरे राखणारा हा मुलगा पुढे मामाच्याच पथकात, कदमबांडे सरदारांच्या चाकरीत, स्वार म्हणून दाखल झाला, आणि तेथून बाजीराव पेशव्यांच्या फौजेत येऊन माळव्याचा सुभेदार झाला. त्यांची सून अहिल्याबाई या बेलापूरच्याच जिल्ह्यातील चौंडीच्या, आणि जिल्ह्याला आता नाव आहे ते त्यांचेच. मेंढपाळाच्या पोराला सुभेदारीपर्यंत नेणारी जी पायरी होती, तिचे नाव पागा.

स्वार दोन तऱ्हेचे असत : ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा आणि हत्यार असे तो शिलेदार, आणि ज्याला दोन्ही सरकारातून मिळत तो बारगीर. निजामशाहीत मलिक अंबराने नगरजवळ भातवडीच्या रणात १६२४ साली जे यश मिळविले, त्यात मराठा स्वारांचा वाटा मोठा होता. परंतु अशा घोडदळाला नियमबद्ध रूप दिले ते शिवाजी महाराजांनी. सभासदाच्या बखरीत त्याची व्यवस्था आढळते : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात पागा छावणीस परतत, तेव्हा दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली छपरे आधीच सिद्ध असत. शिलेदारांना पागेच्या धाकात ठेवण्याचे धोरणही त्याच बखरीत सांगितले आहे. घोडा सरकारचा असल्यामुळे, ज्याच्या अंगी गुण आहे पण गाठीस पैका नाही, अशा माणसालाही स्वार होता येई. या व्यवस्थेचे सामर्थ्य मला तिच्या संख्येपेक्षा या गोष्टीत अधिक दिसते.

आपल्या इतिहासलेखनाने भरधाव दौडीचेच वर्णन केले. परंतु दौड हे शिक्षणाचे फळ होय. शिक्षण संथ असते. चाबुकस्वार नवख्या शिंगराला लांब दोरीवर धरून काव्यावर फिरवी, उजवीकडे आणि डावीकडे सारखेच वळावयास लावी, कदमावरून दुडकीवर आणि दुडकीवरून पुन्हा कदमावर आणी. या मातीतील अश्वविद्या पागेहूनही जुनी आहे; कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांची परीक्षा आणि त्यांचे शिक्षण यांचा विचार सविस्तर आला आहे. युरोपात याच संथ शिक्षणाची कला होऊन तिला ड्रेसाज हे नाव मिळाले, आणि १९१२ साली स्टॉकहोम येथे ती ऑलिम्पिकमध्ये आली. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा रिंगणात, अडथळा नाही आणि प्रतिस्पर्धीही समोर नाही, अशा स्थितीत घोडा स्वाराच्या अदृश्यप्राय इशाऱ्यावर जागच्या जागी दुडकी धरतो, आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला गुण देतात.

पेशवाई बुडाल्यावर सरदारांच्या पागा मोडत गेल्या. इंग्रजांच्या हिंदी घोडदळाने बहुतांशी शिलेदारी पद्धतच स्वीकारली, म्हणजे घोडा स्वाराने आणावयाचा. पहिल्या महायुद्धानंतर ती बंद झाली, घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली आणि नगर हे रणगाडा-शिक्षणाचे केंद्र झाले.

स्वतंत्र भारताची अश्वक्रीडेतील दोन मोठी यशे बारगीर आणि शिलेदार या दोन नावांनी ओळखता येतात. १९८२ च्या दिल्लीतील एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणारे दफादार रघुबीरसिंग हे ६१ व्या घोडदळाचे, म्हणजे सरकारी घोड्यावरचे बारगीर. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२३ रोजी, हांगझौ येथे अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण २०९.२०५ गुणांनी जिंकले. त्यातील हृदय छेडा मुंबईचे. हे चौघे मात्र शिलेदार. त्यांची कर्तबगारी वादातीत आहे, आणि घरदार सोडून वर्षानुवर्षे युरोपात राहून त्यांनी केलेले कष्ट मी आदराने मानतो. तथापि भारतातील घोडा रोगप्रतिबंधक नियमांमुळे युरोपात नेणे दुरापास्त, म्हणून घोडा तिकडेच घ्यावयाचा, तिकडेच पोसावयाचा आणि तिकडेच त्याच्याबरोबर शिकावयाचे, हा खर्च किती घरांना पेलेल? मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर १९४२ पासून हौशी स्वारांचा क्लब नांदतो आहे. परंतु बेलापूरच्या मुलाला महालक्ष्मी काय आणि जर्मनी काय, दोन्ही सारखीच दूर.

त्याच्या आवाक्यातली सरकारी पागा महाराष्ट्रात आज एकच ठळकपणे दिसते, ती खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. तेथे प्रवेश मिळविलेल्या छात्राला, बाप शेतकरी असो की सरंजामदार, घोडा आणि शिक्षक सरकारातून मिळतात, आणि २०२२ पासून हे दार मुलींनाही उघडले आहे. अशी एकेक पागा प्रत्येक जिल्ह्यात का नसावी, आणि तिच्यातले पहिले शिंगरू भीमथडीचे का नसावे, हा प्रश्न अहिल्याबाईंचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याने सर्वांच्या आधी विचारावयास हवा.