भाडेपट्टा जमिनीचा होता, माणसांचा नव्हे

हाँगकाँगचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. १८९८ सालचा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा ३० जून १९९७ रोजी संपणार होता. मुदत भरली, ब्रिटनने जागा परत केली. तिथल्या लोकांचे पुढे काय, हा चीनचा प्रश्न.

या पूर्वपक्षातले एक विधान मला मान्य आहे. हाँगकाँग बेट १८४२ साली आणि कौलून १८६० साली कायमचे मिळाले होते, पट्टा फक्त उत्तरेकडच्या ‘न्यू टेरिटरीज’चा होता, तरी तेवढा भाग तोडून उरलेले शहर चालवणे अशक्यच होते. जमीन द्यावी लागली, हे खरे.

पण त्यावरून जबाबदारी संपली हा निष्कर्ष निघत नाही. जमिनीचे सार्वभौमत्व हा दोन सरकारांमधला विषय होता. नागरिकत्व देणे मात्र लंडनच्या संसदेच्या हातात होते, आणि तिथे बीजिंगची संमती लागत नव्हती. त्या संसदेने काय केले? हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश प्रजाजनाला १९६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येऊन राहता येत होते. त्या वर्षीच्या कायद्याने तो हक्क गेला. १९८१च्या कायद्याने तो ‘परावलंबी प्रदेशाचा नागरिक’ झाला. ब्रिटन आणि चीन यांच्या १९८४च्या संयुक्त घोषणापत्रानंतर जो नवा दर्जा आला, त्यात पासपोर्ट होता, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता आणि तो दर्जा मुलांना वारशाने मिळत नव्हता. यातले काहीही भाडेपट्ट्याने घडवले नाही.

त्याच ब्रिटनने १९८३ साली फॉकलंडच्या रहिवाशांना पूर्ण नागरिकत्व दिले. पोर्तुगालने मकावमध्ये चिनी वंशाच्या हजारो लोकांना आपले नागरिक मानले. गोव्याचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील दावा लिस्बन आजही ओळखते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचे समर्थन मी करत नाही. गोवा मुक्त व्हायलाच हवा होता. पण भूमीवरचा हक्क गेला तरी माणसांशी असलेले नाते कायद्याने टिकवता येते, एवढे यातून सिद्ध होते.

‘फॉकलंड, मकाव लहान, हाँगकाँगचे लाखो लोक आले असते तर?’ ही शंका खुद्द ब्रिटिश सरकारनेच निकालात काढली आहे. बीजिंगच्या तिआनमेन चौकातील आंदोलन चिरडले गेल्यानंतर, १९९० साली, त्याने पन्नास हजार निवडक कुटुंबप्रमुखांना कुटुंबासह नागरिकत्व देऊ केले. त्यामागचा उघड हेतू असा की, हातात पासपोर्ट असला की माणसे धीराने तिथेच राहतील. पासपोर्टमुळे निवडक अधिकारी आणि व्यावसायिक थांबतात, मग त्याच पासपोर्टमुळे गिरणी कामगार निघून जातो, असे कसे? हा वदतोव्याघात आहे.

सर्वांत बोचणारी गोष्ट तिथल्या भारतीयांची आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला देणगी देणारे होरमसजी मोदी मुंबईचे पारशी होते. अशा घराण्यांचे वारस चिनी वंशाचे नसल्याने १९९७ नंतर राष्ट्रहीन ठरण्याची भीती होती. त्यांच्यापैकी ज्यांना दुसरे नागरिकत्व नव्हते, त्यांच्यासाठीचा कायदा झाला हस्तांतराच्याच वर्षी, जेमतेम काही महिने आधी.

३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने संयुक्त घोषणापत्रानंतरच्या त्या दर्जाच्या हाँगकाँगमधील पासपोर्टधारकांसाठी खास व्हिसा सुरू केला. १९६२ पर्यंत जो हक्क जन्माने मिळत होता, त्यासाठी आता शुल्क भरून अर्ज करावा लागतो आणि कायम वास्तव्य मिळण्याआधी पाच वर्षे काढावी लागतात.