धुरजड, उलाळ आणि पासंग

बैलगाडी भरणाऱ्या माणसास दोन शब्द लहानपणापासूनच ठाऊक असतात. माल मागे अधिक झाला म्हणजे गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे अधिक झाला म्हणजे ती धुरजड होते आणि सारे ओझे मुक्या जनावरांच्या मानेवर येते. आपल्या किनाऱ्यावरील गलबतवाल्यांचा अनुभवही याच जातीचा आहे. माल उतरवून रिकामे झालेले गलबत समुद्रात डळमळू नये म्हणून ते त्याच्या तळाशी दगडवाळूचा नीरम भरीत. ओझे हलके कसे करावे हा प्रश्न जितका जुना, तितकाच ओझे मुद्दाम घालावयाचे तर कोठे घालावे हा प्रश्नही जुना आहे. विसाव्या शतकात शेतीचा ट्रॅक्टर आला तेव्हा हा दुसरा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. त्याचे उत्तर चुकल्यामुळे कित्येक माणसे आपल्याच यंत्राखाली चिरडून मेली, म्हणून हा इतिहास केवळ लोहारशाळेत सांगण्याचा नव्हे.

आरंभीचे ट्रॅक्टर वाफेच्या इंजिनांचे वारस होते आणि त्यांच्याप्रमाणेच अवजड होते. चाकाची जमिनीवरील पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. तेव्हा ओढ हवी तर वजन हवे, असा सरळ हिशेब होता. पण वजनाने जमीन दबते, इंधन जाते आणि किंमतही वाढते. १९१७ साली हेन्री फोर्डने 'फोर्डसन' हा लहान व स्वस्त ट्रॅक्टर बाजारात आणला, तेव्हा सामान्य शेतकऱ्यास हे यंत्र आवाक्यात आल्यासारखे वाटले. मात्र त्यात एक घातक दोष होता. मागचा नांगर खडकात किंवा मुळात अडकला आणि चाके फिरेनाशी झाली, की इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरचे तोंडच मागील आसाभोवती वर उचलू लागे. चालकाने क्षणार्धात क्लच दाबला तर ठीक. नाही तर यंत्र उलथून त्याच्याच अंगावर येई. पुढे या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील पंखे मागे लांबवून जमिनीपाशी आणण्यात आले, ते उलथणे अडविण्यासाठी. गाडीवानाच्या भाषेत बोलावयाचे तर तो ट्रॅक्टर उलाळ होत होता.

या दोषावर मूलगामी विचार केला तो आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. १८८४ साली जन्मलेल्या या कारागिराने १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बांधलेले विमान उडविले. आयर्लंडात विमान उडविणारा तो पहिला. हलकेपणाचे मोल विमान बांधणाऱ्याहून अधिक कोणास कळणार? नांगर दोरखंडाने ओढावयाच्या ओझ्यासारखा मागे न लावता, तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी एकजीव करावा, हे त्याचे तत्त्व. जमीन नांगरास मागे खेचू लागली की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि तोंड वर उचलू देत नाही. खालच्या दांड्यांतून नांगराचे वजन व मातीचा दाब मागील चाकांवर उतरतो. म्हणजे काम जितके कठीण, तितके चाकांवरचे वजन आपोआप वाढते. लोखंड कायमचे अंगावर वागविण्याऐवजी गरजेपुरते वजन जमिनीकडूनच उसने घ्यावयाचे, ही ती युक्ती होय.

१९३८ साली फर्ग्युसन व फोर्ड यांनी लेखी करार न करता केवळ हातात हात देऊन व्यवहार ठरविला, आणि १९३९ पासून त्या तत्त्वाचे ट्रॅक्टर अमेरिकेत बनू लागले. आम्ही वकिली पेशाची माणसे अशा तोंडी करारांकडे साशंक नजरेने पाहतो, ते उगीच नव्हे. १९४७ साली वृद्ध फोर्ड वारला. त्याच वर्षी त्याच्या नातवाने तो व्यवहार संपवून तशाच रचनेचा स्वतःचा ट्रॅक्टर काढला. १९४८ साली फर्ग्युसनने २५ कोटी १० लाख डॉलरांचा दावा लावला. १९५२ मध्ये तडजोड होऊन पेटंटभंगाबद्दल त्यास ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. मागितल्याच्या मानाने रक्कम थोडी खरी. परंतु वजन कोठे व कसे पडावे या एका कल्पनेची किंमत म्हणून ती लहान नव्हती. दरम्यान इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात त्याचे 'टीई-२०' जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्यांचे वजन साधारण ११३० किलो, म्हणजे सारे मिळून सव्वा टनाच्या आतच.

येथपर्यंत हलकेपणाचा विजय झाला. परंतु जमिनीकडून उसने मिळणारे वजन जमिनीत रुतलेले अवजार मागे असेपर्यंतच मिळते. नुसती ट्रॉली ओढावयाची असेल तर हलका ट्रॅक्टर पुन्हा हलकाच. १९३२ पासून अमेरिकेत ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर येऊ लागले होते. ते दातेरी लोखंडी चाकांहून वेगवान, पण ओल्या मातीत घसरणारे. म्हणून चाकांच्या तबकड्यांवर बिडाची वजने बोल्टांनी आवळण्याची आणि टायरांत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरण्याची पद्धत पडली. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळीत. त्याने द्रावण अधिक जड होई, मात्र गळल्यास चाकाची कड गंजवी. गलबताच्या नीरमाप्रमाणे हे वजनही तळाशी राहते, हा त्याचा गुण. बेळगाव-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाके उचलतो, तेव्हा तोंडावर वजन चढविण्याची जी धडपड चालते, ती याच इतिहासाची पुढची पाने होत.

दुसऱ्या महायुद्धानंतर एक नवी मागणी आली. शेतावर मजूर मिळेनासे झाले. गोठ्यातील खत उपसावे, माती भरावी, गंजी रचाव्या, हे काम ट्रॅक्टरनेच करावे असे वाटू लागले. तेव्हा त्याच्या तोंडाशी तेलाच्या दाबाने उचलणारे दोन बाहू व बकेट, म्हणजेच लोडर, बसविण्यात येऊ लागले. इंग्लंडातील जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ साली लहानशा गॅरेजात धंदा सुरू केला. १९४९ मध्ये त्याने फोर्डसन मेजर ट्रॅक्टरसाठी लोडर काढला आणि १९५३ मध्ये पुढे लोडर व मागे खोदणारा हात असे जोडयंत्र तयार केले. मागचा तो अवजड हात पुढच्या ओझ्याचा पासंगही झाला. त्याच्या नावाची आद्याक्षरे आज आमच्या खेड्यापाड्यांत सामान्यनामासारखी वापरली जातात; कोणत्याही बनावटीचे असे यंत्र आले तरी लोक 'जेसीबी आला' असेच म्हणतात.

ज्यांनी पासंगाचा विचार न करता जुन्या ट्रॅक्टरला नुसता लोडर लावला, त्यांचे काय होते ते आकड्यांनी पाहू. टीई-२० च्या दोन आसांतील अंतर १७८ सेंटीमीटर आहे. बकेटमधील ३५० किलो माती पुढच्या आसाच्या १२० सेंटीमीटर पुढे आहे असे समजा. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर ३५० नव्हे, तर सुमारे ५८६ किलोंचा भार वाढतो, आणि मागील चाकांवरून २३६ किलो उचलले जातात. लोडरच्या सांगाड्याचे वजन यात धरलेलेच नाही. या ट्रॅक्टरचा पुढचा आस नांगराच्या कामासाठी, हलक्या भारासाठी घडविलेला. सुकाणू केवळ मनगटाच्या बळावर फिरणारे. आणि ब्रेक फक्त मागील चाकांना. ज्या चाकांना ब्रेक आहे त्यांचीच पकड सुटली, तर उतारावर थांबावयाचे कशाने? शिवाय पुढचा आस मध्यावर खिळीवर डुलणारा असल्यामुळे ट्रॅक्टर बाजूस कलू लागताच पुढची चाके त्यास आरंभी सावरीत नाहीत; अशा वेळी बकेट उंच धरलेली असेल तर तोल एका खड्ड्यानेही जातो.

उपाय साधा आहे. मागील दांड्यांवर, आसाच्या १०० सेंटीमीटर मागे, ३०० किलोंचा काँक्रीटचा ठोकळा टांगला, तर पुढचा भार १६८ किलोंनी उतरतो आणि मागील चाकांवर ४६८ किलो येतात. म्हणजे गेलेले २३६ भरून येऊन वर काही शिल्लकही उरते. पुढच्या आसावर तरीही ४१८ किलोंचा वाढीव भार राहतोच. म्हणून बकेट थोडीच भरावी, चालताना जमिनीलगत ठेवावी आणि मागील चाकांतील अंतर रुंद करावे, हे पथ्य सुटत नाही. पासंगाने तोल सावरतो. जुन्या लोखंडाचे बळ त्याने वाढत नाही.

कायदा या वाटेने उशिरा आला. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चालक चिरडू नये म्हणून नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला तो स्वीडनने, १९५९ साली. ब्रिटनने १९७० मध्ये. फोर्डसनपासून मोजले तर मध्ये चार-पाच दशके गेली. आमच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्याच अशी आहे की, जे वाहन स्वतः भार वाहण्यासाठी बांधलेले नाही ते ट्रॅक्टर. त्याच कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मालकास मनाई करते. जोडून काढता येणारा लोडर हा फेरफार मानावा की अवजार, यावर न्यायालयात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. उताराची जमीन मात्र तो वाद ऐकून घेत नाही.

जुन्या यंत्रास नवे काम देणे हा काटकसरी शेतकऱ्याचा धर्मच आहे, आणि आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु ते यंत्र घडविणाऱ्याने एक तोल मनात धरून घडविलेले असते. आपण त्याच्या तोंडाशी जे वाढवितो त्याचा जाब मागील चाकांस द्यावा लागतो, आणि ती चाके तो देऊ शकली नाहीत तर वर बसलेल्या माणसास. तो माणूस पुष्कळदा मालक नसून रोजंदारीवरचा चालक असतो. म्हणून लोडर विकत घेणाऱ्याने त्याच दिवशी मागच्या ठोकळ्याचाही खर्च मांडावा. तो मांडला नाही, तर ती बचत दुसऱ्याच्या जिवावरची ठरते.