रक्त : विकतचे आणि दानाचे

आरोग्यसेवा सरकारने चालवावी की बाजारावर सोपवावी, हा वाद जुना आहे. आपण तो एकाच वस्तूपुरता तपासून पाहू. ती वस्तू म्हणजे रक्त.

ब्रिटनमध्ये 1948 साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. तिथे रक्त देणाऱ्याला पैसे मिळत नसत आणि रुग्णालाही ते मोजावे लागत नसत. अमेरिकेत दानाबरोबर रक्ताची खरेदी-विक्रीही चाले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून 1970 मध्ये ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हे पुस्तक लिहिले. विकतच्या रक्तातून काविळीचा धोका अधिक, असे त्यांना आढळले.

असे का व्हावे? 1960च्या दशकात रक्तपेढ्यांजवळ काविळीच्या विषाणूंची चाचणी नव्हती. ‘पूर्वी कावीळ झाली होती का?’ हे दात्यालाच विचारावे लागे. पैशांची नड असलेल्याने खरे सांगितले, तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागे. दान करणाऱ्याला लपवण्याचे काही कारण नव्हते. बाजारात गिऱ्हाईक माल पारखून घेते म्हणतात. इथे रुग्णाला तो पारखताच येत नव्हता.

अमेरिकेत 1978 पासून रक्ताच्या पिशवीवर ते विकतचे की दानाचे, हे छापणे सक्तीचे झाले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालानुसार 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली.

मग सरकारी व्यवस्था जिंकली का? इतक्यात नाही. 1970च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी सेवेनेच हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतून औषध आणले. ते हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनवत आणि त्यांतले बरेच दाते पैसे घेणारे होते. हे औषध आणि देशातलेच दूषित रक्त यांमुळे 30 हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही, हिपॅटायटिस यांची लागण झाली. धोक्याकडे दुर्लक्ष झाले आणि नंतर सत्य दडवले गेले, असे चौकशी अहवालाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितले.

एकीकडे नडलेल्या दात्याने सत्य लपवले, दुसरीकडे सरकारी यंत्रणेने. म्हणून कोणत्याही आरोग्यव्यवस्थेविषयी वर्गात चर्चा करताना आपण दोन प्रश्न जरूर विचारूया : इथे खरे सांगणाऱ्याचे नुकसान होते का? आणि लपवलेले शोधून काढण्याचे काम कोणाकडे आहे?