उसाच्या मुलखातली मधाची पेटी

उसाला तुरा येतो, पण त्या तुऱ्यात मध नसतो. ऊस हे वाऱ्यावर परागण होणारं गवत आहे. त्यातून कारखान्याला जाणारा ऊस तुरा येण्याआधी तुटला तर शेतकऱ्याला बरंच वाटतं, कारण तुरा आला की वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात. म्हणजे दौंड तालुक्यातून जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे हिरवंगार शिवार दिसतं, ते मधमाशीच्या लेखी जवळजवळ ओसाड असतं. पाटसच्या साखर कारखान्याचा पत्ता मात्र ‘मधुकरनगर’ असा आहे. मधुकर म्हणजे मधमाशी.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात मधमाशा पाळून संसार चालवणारं जोडपं वर्षातले कितीतरी महिने स्वतःच्या गावात का नसतं, या प्रश्नाचं उत्तर पेटीत शोधून सापडत नाही. ते या मुलखात पाणी कसं आलं आणि त्या पाण्यावर काय पिकलं, या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

पेटी इथे फार उशिरा आली. त्याआधी मध होता, मधपाळ नव्हता. कड्याकपारींत, वडा-पिंपळावर आणि पुलांच्या कमानींखाली आग्या माशीची पोळी लटकत. झुडपात फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं असे. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत सातेरी, आणि फटीत डंख नसलेली इवलीशी कोती. यांतली आग्या आणि फुलोरी उघड्यावरच राहतात, पेटीत नांदत नाहीत. मध हवा असला की धूर करायचा, पोळं कापायचं आणि अंडी-अळ्यांसकट पिळून काढायचं. मध मिळे, पण बरेचदा वसाहत जाई. मराठीत मोहोळ ‘उठतं’ किंवा ‘झाडलं’ जातं. ते ‘पाळलं’ जात असल्याचा वाक्प्रचार जुन्या भाषेत सापडत नाही, यात नवल नाही.

पाळणं शक्य झालं ते एका मापामुळे. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये बोटाच्या जाडीपेक्षाही कमी, ठरावीक फट ठेवली तर माशा ती मेणाने बुजवत नाहीत. त्यामुळे चौकटी सुट्या ठेवता आल्या, उचलून पाहता आल्या, आणि पोळं न मोडता फिरत्या यंत्रात मध काढता आला. भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी सातेरीच्या आकाराला साजेशी लहान पेटी रूढ केली. पुढे ग्रामोद्योगाच्या चळवळीने ती उचलली. महाराष्ट्रात या कामाचं केंद्र महाबळेश्वर झालं आणि १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

पण ही सगळी मांडणी सह्याद्रीच्या जंगलाची होती. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी. डोंगरातला मधपाळ पेटी घराच्या परसात ठेवी आणि जंगल तिला वर्षभर पोसे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, ते याच परंपरेतून. त्याच सह्याद्रीतून निघालेल्या भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा पूर्वेकडचा कोरडा प्रदेश या नकाशात नव्हता.

म्हणून तो फुलांविना होता असं नाही. रब्बीत ज्वारी असे, आणि ज्वारीच्या कणसावर माशा परागासाठी येत. शेताच्या कडेने करडई पेरायची पद्धत होती. तिच्या काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत आणि फुलांवर माशा असत. तीळ, कारळं, तूर यांचे पट्टे मधूनमधून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बांधावरची झाडं. त्यांचा फुलोरा महिन्यांप्रमाणे मांडून पाहावा: उन्हाळा लागताना कडुनिंब, त्यानंतर करंज, पाऊस येता येता चिंच, पावसाळ्यात बाभूळ, तो सरताना बोर. पिकांत फुलं नसण्याचे जे महिने, नेमके तेच महिने बांध भरून काढत होता. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीच्या नावातच त्या झाडांची खूण आहे.

१८७५ मध्ये सावकारांविरुद्धचे दंगे ज्या भागात पेटले, त्यात शिरूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका होता. पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. कोरडवाहू शेतीवर माणूस तगत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच दशकात खडकवासल्याचं धरण झालं आणि त्याचा उजवा कालवा पाटसपर्यंत आला. १९६१ च्या पानशेत फुटीनंतर नवा कालवा पुढे इंदापूरकडे गेला. शिरूरला घोड धरणाचं आणि नंतर चासकमानचं पाणी मिळालं. या पाण्याला दोष देणं कृतघ्नपणा ठरेल. त्याने लोकांना उपासमारीतून आणि कर्जातून वर काढलं. पण पाणी आलं तिथे ऊस आला. करडईची कड गेली, ज्वारी आक्रसली. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या तसे बांध कोरून कोरून अरुंद झाले, आणि सावलीत ऊस खुरटतो म्हणून त्यावरची झाडंही गेली.

दरम्यान माशीही बदलली. १९६० च्या दशकात नगरोटा बागवान इथे युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजवली गेली. १९९१–९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या वसाहतींचा धुव्वा उडवला, आणि मेलिफेराकडे ओढा वाढला. ही माशी शांत, वसाहत मोठी, सहसा पेटी सोडून पळून न जाणारी. मध सातेरीच्या कितीतरी पट देते, पण एका अटीवर: फुलं संपली की तिला दुसरीकडे न्यायला हवं. सपाटीवरचा मधपाळ असा चाकांवर आला.

या जोडप्याचं वर्ष फुलांवर बेतलेलं असतं. माघ-फाल्गुनात शिरूरच्या बाजूला बियाण्याच्या कांद्याला गोंडे येतात. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे किडा-माशी फिरल्याशिवाय बी नीट भरत नाही. गंमत अशी, की मधमाशीला कांदा फारसा आवडत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी दुसरं काही फुललं असलं तर ती तिकडे जाते. म्हणून पेट्या जास्त लावाव्या लागतात आणि निम्मा फुलोरा उघडल्यावरच आणाव्या लागतात. मग डाळिंबाचा बहार, कुठे सूर्यफूल, कुठे ओवा. थंडीत काहीजण थेट राजस्थानात मोहरीला जातात.

पेट्या हलतात रात्री. दिवस मावळून सगळ्या माशा परतल्या की दारं बंद करायची, पट्ट्या आवळायच्या, टेम्पोत भरायच्या आणि उजाडायच्या आत नव्या शेतात उतरवायच्या. मुक्काम दोन-तीन किलोमीटरच्या आत असला तर माशा दुसऱ्या दिवशी जुन्याच जागेवर जाऊन घिरट्या घालतात. गाडी, शेतमालकाशी बोलणी आणि व्यापारी हे बहुधा नवऱ्याकडे. राहुटीतलं बाकी सगळं बायकोकडे: स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी, उन्हात पेटीवर ओलं गोणपाट, रिकाम्या चौकटींना मेणकिडा लागला का ते पाहणं, मध गाळणं, बाटल्या भरणं. राणी आहे की नाही हे शोधायलाही तिचीच नजर बसलेली असते. ताजं अंडं दिसलं की राणी कालपरवापर्यंत होती, एवढा हिशोब तिला पुरतो.

सगळ्यात मोठी धास्ती फवारणीची. कांद्यावर फुलकिडे आले की औषध मारावंच लागतं. ते भर सकाळी मारलं तर दुपारी पेटीच्या दारात मेलेल्या माशांचा थर पडतो. शेतमालक शत्रू नसतो, त्याचंही बी पणाला लागलेलं असतं. फवारणी संध्याकाळी करायची आणि आदल्या दिवशी सांगायचं, इतक्या साध्या तोंडी करारावर दोघांचं वर्ष उभं असतं.

पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो. ज्या उसाने फुलांची जागा घेतली, त्याचीच साखर मधपाळ दुकानातून विकत आणून पेटीत ओततो. हा पाक माशीला जगवण्यासाठी असतो, विकायच्या मधात तो येता कामा नये. पण बाजारात याच सीमेवर खेळ चालतो. उसाच्या साखरेची भेसळ कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते, म्हणून भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत १३ पैकी फक्त ३ ब्रँड सगळ्या चाचण्यांत उतरले. खरा मध काढणाऱ्याला भाव पाकाशी स्पर्धा करून मिळतो.

हे संकट एकट्या शिरूर-दौंडचं नाही. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूकॅसल बंदराजवळ व्हॅरोआ नावाचा पिसवेसारखा कोळी मधमाशांवर सापडला. तोवर तो देश यापासून मुक्त होता. हजारो पेट्या नष्ट केल्या गेल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. हा कोळी मुळात आपल्या सातेरीच्या जातीचा जुना भाडेकरू. ती त्याला बहुतांशी नरांच्या घरांपुरता मर्यादित ठेवते, त्याला झटकते, चावते. मेलिफेराला ही विद्या जमलेली नाही. जास्त मध देणारी माशी घेताना आपण काय हातचं सोडलं, हे त्या किनाऱ्यावरच्या मधपाळाला आणि इथल्या मधपाळाला एकाच कोळ्याने शिकवलं.

सरकारी कागदात ‘मधपाळ’ हा चांगला शब्द रुळला आहे. त्याचं स्त्रीलिंगी रूप मात्र कुणी वापरत नाही, आणि प्रशिक्षणाचा दाखला, अनुदानाचा अर्ज, पेट्यांची मालकी यांवर तिचं नाव क्वचितच असतं. परागणाचंही तसंच आहे. बाटलीतल्या मधाची किंमत लावता येते. माशीमुळे भरलेल्या बियांचा हिशोब पेटीच्या भाड्यापुरता होतो, आणि जिथे भाडं देण्याची रीत नाही तिथे तेवढाही होत नाही.

या जोडप्याला विचारलं तर त्यांची मागणी मोठी नसते. वर्षातले दोन महिने तरी घरी राहता यावं, मुलांची शाळा एका जागी व्हावी. ते होणं न होणं मधाच्या भावापेक्षा बांधावर जास्त अवलंबून आहे. ऊस जाणार नाही, जावा असंही कुणी म्हणत नाही. पण कालव्याच्या कडेला, ओढ्याकाठी, गावठाणात पुन्हा कडुनिंब, करंज, चिंच, बोर लागले तर मोकळे पडलेले महिने भरू लागतील. करंज फुलायला चार-पाच वर्षं लागतात, चिंचेला त्याहून जास्त. या वर्षी लावलेलं रोप या जोडप्याच्या मुलांच्या पेट्यांना उपयोगी पडेल, अर्थात मुलांनी पेट्या ठेवल्या तर.