त्रिंकोमालीचें बंदर

मुंबईकरांस बंदर म्हटलें कीं गोदी आणि धक्का डोळ्यांपुढें येतो. अठराव्या शतकांतील मद्रासला यांतलें कांहींच नव्हतें. उघड्या समुद्रांत जहाजें नांगरून राहत आणि माणसें व माल लहान होड्यांनीं लाटांतून किनाऱ्यास लागत. आश्विन-कार्तिकांत ईशान्येचे वारे सुटले म्हणजे तेथें राहणेंही धोक्याचें होई, आणि इंग्रजांच्या आरमारास साऱ्या द्वीपकल्पास वळसा घालून मुंबईची गोदी गांठावी लागे. तितके महिने पूर्व किनारा उघडा पडे. लंकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मात्र त्या वाऱ्यांतही सुरक्षित असें खोल बंदर डचांच्या ताब्यांत होतें. तें त्रिंकोमाली.

१७८० च्या अखेरीस इंग्रज-डचांचें युद्ध जुंपलें, आणि ११ जानेवारी १७८२ रोजीं ॲडमिरल ह्यूजनें हें बंदर जिंकलें. पुढच्याच महिन्यांत फ्रेंच आरमाराचा सेनानी सुफ्राँ येऊन ठेपला. हैदरअल्ली कर्नाटकांत इंग्रजांशीं झुंजत होता. त्याला ही कुमक हवीच होती. जुलैपर्यंत ह्यूज व सुफ्राँ तीनदां भिडले, निकाल एकदांही लागला नाहीं. खरी कसोटी लढाई संपल्यावर लागे. मोडलेल्या डोलकाठीच्या जागीं नवी कोठून आणावयाची? सुफ्राँला जवळपास गोदी नव्हती. लहान जहाजांच्या काठ्या काढून मोठ्यांना बसवाव्या, कडलूरचीं घरें पाडून लाकूड मिळवावें, असे त्यानें दिवस काढले. या माणसाचें मोठेपण तोफांच्या धुरापेक्षां ह्या सुतारकामांतच अधिक दिसतें.

ऑगस्टअखेर त्यानें त्रिंकोमालीच घेतलें. ह्यूज दोन दिवस उशिरा पोंचला. ३ सप्टेंबरची लढाईही अनिर्णित राहिली आणि तो मुंबईकडे वळला. मात्र नुसती खाडी आणि तट पुरत नाहींत. तेथें आरमार पोसण्याइतकी सामग्री नसल्यामुळें सुफ्राँनें तो हिवाळा सुमात्रांतील अचिन येथें काढला. २० जून १७८३ रोजीं कडलूरपुढें त्यानें पंधरा जहाजांनिशीं ह्यूजच्या अठरांना हटविलें. थोड्याच दिवसांत बातमी आली, कीं युरोपांत तहाच्या कलमांवर २० जानेवारीसच सह्या झाल्या होत्या!

बंदर डचांना परत मिळालें. १७९५ त इंग्रजांनीं तें पुन्हा घेतलें, तें १९५७ पर्यंत सोडलें नाहीं. ९ एप्रिल १९४२ रोजीं जपानी विमानांनीं त्यावर हल्ला केला. धोक्याची सूचना मिळून बंदराबाहेर काढलेली विमानवाहू नौका 'हर्मीस' त्याच दिवशीं बट्टिकलोआनजीक बुडाली. पुढें २९ जुलै १९८७ रोजीं भारत व श्रीलंका यांच्या करारासोबत पत्रें झालीं, त्यांत हेंच नांव आलें: भारताच्या हितास बाधक होईल अशा लष्करी वापरासाठीं त्रिंकोमाली किंवा लंकेचें दुसरें कोणतेंही बंदर कोणा देशास मिळावयाचें नाहीं.