गायकवाड, प्रतापसिंहराव : (२९ जून १९०८–१९ जुलै १९६८)

बडोदे संस्थानचे अखेरचे सत्ताधीश आणि युद्धोत्तर इंग्लंडच्या शर्यतींतील एक मोठे अश्वमालक. आजोबा सयाजीराव (तिसरे) यांच्यामागे १९३९ मध्ये ते गादीवर आले. ग्रंथालये आणि शाळा यांसाठी नावाजलेल्या दरबाराला या कारकिर्दीत घोड्यांचे वेड लागले.

१९४३ मध्ये मुंबईला महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. युद्ध संपताच महाराजांनी इंग्लंडकडे मोर्चा वळवला आणि ब्रिटलाही तिकडे नेले. न्यूमार्केटमध्ये त्यांचे घोडे फ्रेड आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाच्या हाती होते.

त्यांची सर्वांत गाजलेली खरेदी १९४५ ची. निआर्को आणि रोझी लेजंड या जोडीचे एक वर्षाचे शिंगरू लिलावात आले. त्याचा सख्खा भाऊ ‘दान्ते’ याने त्याच उन्हाळ्यात डर्बी मारली होती, त्यामुळे बोली चढत गेली. महाराजांनी २८,००० गिनी मोजल्या. तेव्हाच्या दराने हे सुमारे ३ लाख ९० हजार रुपये होतात, आणि या वयाच्या घोड्यासाठी तो विक्रम होता. घोड्याचे नाव त्यांनी आजोबांवरून ‘सयाजीराव’ ठेवले. साध्या राहणीच्या आजोबांना हा मान रुचला असता का, ही शंका रास्त आहे. घोड्याने मात्र नावाला बट्टा लावला नाही. १९४७ मध्ये टू थाउजंड गिनीज आणि डर्बी या दोन्ही शर्यतींत तो तिसरा आला. मग त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात डॉन्कॅस्टरची सेंट लेजर. पावणेदोन मैलांहून अधिक लांबीच्या त्या शर्यतीत ब्रिटने त्याला फ्रान्सच्या ‘अर्बार’पुढे जेमतेम डोक्याएवढ्या अंतराने काढले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये जन्मलेल्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकून दिली. हा आधी ‘लेरिन्स’ नावाने धावत असे. डर्बीत तो चौथा आला.

इंदूरकरांना बडोद्याचे १९४७ हे वर्ष वेगळ्याच कारणाने आठवते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी आपला पैसा घोड्यांऐवजी क्रिकेटवर लावला होता आणि सी. के. नायडूंच्या हाताखाली होळकर संघ दरवर्षी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दिसू लागला होता. त्या मार्चमध्ये बडोद्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या आणि होळकरांचा एक डाव ४०९ धावांनी पराभव झाला.

घोड्यांवरच्या प्रतापसिंहरावांच्या एवढ्या खर्चाचा हिशेब कधीतरी मागितला जाणारच होता. १९४३ मध्ये सीतादेवींशी केलेल्या दुसऱ्या विवाहाने लोकमत बिघडलेच होते. राज्याच्या तिजोरीतून काढलेल्या रकमांवरून असंतोष वाढला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाला आव्हान देण्याच्या हालचालींमुळे १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि ती पुत्र फतेसिंहरावांना दिली. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ मात्र याच प्रतापसिंहरावांच्या काळात उभे राहिले, हे टीकाकार बहुधा विसरतात.

अश्वपैदाशीत त्यांचा ठसा घोडे शर्यतीतून निवृत्त झाल्यावर उमटला. ‘माय बाबू’चा पिता जेबेल (१९४०) आणि पुत्र ‘अवर बाबू’ (१९५५) यांनीही टू थाउजंड गिनीज जिंकली, म्हणजे सलग तीन पिढ्या. अमेरिकेतला विख्यात ‘डमॅस्कस’ हा ‘माय बाबू’च्या केरळ या मुलीचा मुलगा. ‘सयाजीराव’चा पुत्र ‘इंडियाना’ १९६४ ची सेंट लेजर जिंकला. पारखी म्हणून महाराज थोर होतेच असे नाही, कारण नावाजलेल्या घराण्याचे शिंगरू दाम मोजून घेणे हीच त्यांची रीत होती. पण निवड चुकली नाही, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात ‘बडोदा स्टड’ हे नाव आजही चालू आहे. न्यूमार्केटची त्यांची ‘वॉरन प्लेस’ ही पागा पुढे नोएल मरलेस यांच्याकडे आणि नंतर हेन्री सेसिल यांच्याकडे गेली. एकही शर्यत न हरलेला ‘फ्रँकेल’ तिथेच तयार झाला.